अर्ध्या जाडीचा पडदा

३ जून, मंगळवार

तंजावरच्या घराची गच्ची. अक्का नि मी अप्पळम, म्हणजे उडदाचे पापड, वाळत घालतोय. खाली जुनं धोतर, चारी कोपऱ्यांवर दगड. मी सात वर्षांची, अक्का बारा. लाटलेला प्रत्येक अप्पळम ती आधी उन्हाकडे धरायची. पलीकडचं बोट दिसलं तर पास. नाही तर, "हा जाड राहिला गे. परत लाट." आणि बसायची नेहमी माझ्या उजव्या हाताला. जेवताना, झोपताना, देवळाच्या पायऱ्यांवरही. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

आज हे का आठवलं, तर सकाळी उशीचा अभ्रा पुन्हा ओला होता. डावा कान वाहतोय. नंदूने पाहिलं आणि माझ्यादेखत मोबाईलवर डॉक्टरांची वेळ घेतली. ही माझी मुलगी वेळचेरीतल्या या फ्लॅटमध्ये दिवसभर हेडफोन लावून अमेरिकेशी बोलते, आणि मला म्हणते, "आई, तू कानाकडे दुर्लक्ष करतेस."

५ जून, गुरुवार

श्रवणचाचणी. काचेची खिडकी असलेली छोटी खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. चाचणी घेणारी मुलगी शर्मिळा. केसात मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा, बोलायला गोड. "अम्मा, बीप ऐकू आली की दाबा. अगदी बारीक असली तरी दाबा." मधेच उजव्या कानात सूंऽऽ असा आवाज सोडते. एका कानाने दुसऱ्याची मदत करू नये म्हणून.

उ. कान दोन वर्षांपूर्वी बसलाच आहे. नस थकली, त्याला इलाज नाही, म्हणून ऐकायचं यंत्र. डा. कानाची नस शाबूत आहे, पण पडद्याला लहानपणापासून भोक. तीस वर्षांपूर्वी कानशिलावरचं पातळ आवरण लावून एकदा बुजवलं होतं. चार वर्षं टिकलं.

आजचा निकाल: डा. कान वाटला होता त्यापेक्षा बराच बरा. नंदू खूष.

६ जून

डॉक्टरबाई नंदूच्याच वयाच्या. हात लहान, नखं अगदी तळाशी कापलेली. कागदावर कान काढून दाखवला. या वेळी कानाच्या पुढच्या भागातली कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, काढून तिचा पडदा करायचा. तिची स्वतःची जाडी साधारण एक मिलिमीटर. तशीच पूर्ण जाडीची लावली की मजबूत, पुन्हा फाटायची भीती कमी. तासून पातळही करता येते. पातळ पडदा आवाजाला जास्त चांगला हलेल असं वाटतं.

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे अम्मा, काही जणांना फरक सापडला, काहींना नाही सापडला. असला तरी थोडा. तुमचा चार्ट चांगला आहे, ऐकण्यात वाढवायचं फारसं काही नाही. आपण जाड लावू. एकदाचं काम संपवू."

नंदू लगेच हो म्हणाली. मीही मान हलवली.

९ जून, सोमवार

तीन दिवस लिहिलं नाही. लिहायचं म्हणजे खरं लिहावं लागणार होतं.

चार्ट खोटा आहे.

मी शर्मिळाचा खांदा बघत होते. खिडकीतून फक्त खांदा नि गजरा दिसतो. ती आवाज सोडते तेव्हा खांदा किंचित वर जातो आणि गजरा हलतो. गजरा हलला की मी बटण दाबलं. ठरवून नव्हे. तिसऱ्या-चौथ्या वेळेला माझं मलाच कळलं की कानात काही नाही आणि बोट मात्र दाबतंय. तेव्हा थांबायला हवं होतं. थांबले नाही. बरोबर येतंय म्हटल्यावर कोण थांबतं?

कॉन्व्हेंटमध्ये असंच चालायचं. दुसरा बाक, डावी रांग, म्हणजे उ. कान सिस्टरकडे. इंग्रजी डिक्टेशनला ओठ पाहायचे, ओठ वळले की शेजारणीच्या टाकाकडे, उरलेलं अंदाजाने. चौथीत बक्षीस मिळालं, सोनेरी कडांचं मदर मेरीचं चित्र. मागे सिस्टरच्या तिरक्या अक्षरात, 'वर्गात सर्वांत लक्ष देऊन ऐकणाऱ्या मुलीस'. अजून आहे माझ्याकडे.

नोकरीच्या मेडिकललाही तेच. डॉक्टर मागे उभे राहून आकडे कुजबुजत होते. समोरच्या औषधांच्या कपाटाच्या काचेत त्यांची मिशी हलताना दिसत होती. सगळे आकडे बरोबर. पुढे चौतीस वर्षं टाइपरायटरसमोर. तिथे कोणी कुजबुजत नाही.

ह्यांना माहीत होतं. रस्त्याने नेहमी उजवीकडून चालायचे. देवनागरी मला ह्यांनीच गिरवायला लावली, लग्नानंतर. माझी तंजावरची मराठी ऐकून म्हणायचे, "दोनशे वर्षांपूर्वीची बाई पदरात पडली." पण तिला नीट कान देऊन ऐकायचे. आता ती मराठी बोलायला अक्काच उरली.

१२ जून

पाच वाजता अक्काचा फोन. आता फोन म्हणजे असा: गेल्या वर्षीच्या आजारपणापासून तिचा आवाज नुसता वारा झालाय. उ. कानाला यंत्र लावून फोन धरला की शिट्टी वाजते, यंत्र काढलं की काहीच नाही. अक्का दोन-तीन मिनिटं बोलते. मला सूंऽ. मग सून जानकी फोन घेते, तिचा खणखणीत आवाज पोचतो. जानकी तमिळ, मनाने फार चांगली, आमची मराठी तिला निम्मी कळते. मला चित्ती म्हणते, म्हणजे मावशी; अक्काला अत्तै, म्हणजे सासूबाई.

"चित्ती, अत्तै विचारतायत जेवलात का."

"इतका वेळ एवढंच?"

"अजून काहीतरी म्हणाल्या, चित्ती. कानाचं काहीतरी."

कानाचं काहीतरी. मला माहीत आहे काय ते. मी चारची नि ती नऊची असताना तिने माझ्या डाव्या कानात तेल ओतलं होतं. घरात कोणी नव्हतं, मी रडत होते, तिने पळीत लसणीचं तेल तापवलं. जरा जास्तच तापलं. पासष्ट वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नाही, मीही नाही. उजवीकडे बसते, बस. असलं बोलणं सुनेमार्फत होत नाही.

१६ जून, सोमवार

सांगितलं. आधी शर्मिळाला सांगणार होते, धीर झाला नाही. सरळ डॉक्टरबाईंकडे. नंदूला बाहेर बसवलं.

"मी चाचणीत बघून बटण दाबलं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग गजऱ्याचं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं. "अम्मा, या चार्टवरून मी तुमच्या कानातली हाडं ठीक आहेत असं धरलं होतं."

पुन्हा खोलीत. या वेळी खुर्ची भिंतीकडे तोंड करून. शर्मिळा म्हणाली, "अम्मा, मी गजरा काढून ठेवू का?" चिडवत होती. मला फार बरं वाटलं.

भिंतीला भोकाभोकांच्या फळ्या आहेत. भोकं मोजत बसले. मधे इतका वेळ शांत गेला की वाटलं मशीन बंद पडलं. बंद पडलं नव्हतं.

नवा चार्ट जुन्याच्या किती खाली! नंदूने दोन्ही कागद शेजारी धरले. मग गाडी काढली. पुलाखाली सिग्नलला म्हणाली, "लहानपणी मी पाठमोरी असताना तुला काहीतरी सांगायची आणि तू हो म्हणायचीस. कशाकशाला हो म्हणालीस ग?"

"सहलीला," मी म्हटलं. "नाही म्हणणार होते."

१८ जून

डॉक्टरबाई: पडद्यामागची तीन हाडं जुन्या पूमुळे चिकटली असतील. उघडून पाहायचं, मोकळी करायची, आणि जाडी तिथेच ठरवायची. हाडं नीट हलली तर पातळ.

मी: "पातळच करा."

"आणि पुन्हा फाटला तर?"

"फाटला तर फाटला. मला टिकणारा नको, ऐकू येणारा हवा."

"मला दोन्ही हवंय," त्या म्हणाल्या. जरा तिखटपणे. मग म्हणाल्या, पातळ म्हणजे नक्की जास्त ऐकू येईल असं त्या कबूल करणार नाहीत. साधारण अर्धी जाडी ठेवतील. त्याहून पातळ केली तर वळते, सुरकुतते. कूर्चा तासायचं यंत्र दाखवलं. छोटी खाच, त्यावर पातं. पातळ केलेला तुकडा दिव्याकडे धरून बघतात म्हणे. मी म्हटलं, बोट दिसायला हवं. त्यांना कळलं नाही, मी सांगत बसले नाही.

निघताना तेलाचं विचारलं. दुसऱ्या कोणाचं असावं तशा सुरात. एका मुलीच्या कानात ऊन तेल घातलं, त्याने असं भोक पडेल का?

"इतक्या वर्षांनी शपथेवर कोण सांगणार? पण हे भाजल्याचं दिसत नाही. हे कान वारंवार फुटण्याचं आहे. आणि तेल का घातलं होतं?"

"कान दुखत होता म्हणून."

"मग अम्मा, दुखणं आधीच होतं."

बाहेर बाकावर दहा मिनिटं बसले. पासष्ट वर्षांत हे मला सुचलं नाही. अक्कालाही नाही. ती तर हुशार.

२ जुलै

उद्या. जेवण हलकं, डोक्यावरून अंघोळ आजच. नंतर कित्येक आठवडे डोक्यावरून पाणी नाही. कानामागचे केस शर्मिळाच्याच मजल्यावरच्या नर्सने काढले. अक्काला फोन केला नाही. नंतर करीन.

४ जुलै

काल झालं. कान तेवढा बधिर केला होता, मी अर्धवट जागी. डोक्यावर हिरवं कापड, उजवा कान उशीत दाबलेला, समोर फक्त हिरवं. हात नाही, खांदा नाही, काच नाही.

कापताना दुखलं नाही, पण खरखर हाडातून येत होती. कोणीतरी "हलतंय, हलतंय" म्हणालं. मग बराच वेळ काही नाही. मग पातं चालल्याचा बारीक आवाज. की मी मनानेच घातला? नक्की सांगता येत नाही.

मग डॉक्टरबाईंचा आवाज, खूप लांबून. "अम्मा, मी म्हणते ते म्हणा." रोजचे तमिळ शब्द.

मल्ली. म्हटलं.

तयिर. म्हटलं.

तिसरा शब्द आलाच नाही. अंदाज बांधायची सवय जोरात उसळली. कोलम म्हणावं? कावेरी? जीभ टाळूला लागली होती. मग म्हटलं, "ऐकू आलं नाही."

जन्मात पहिल्यांदा म्हटलं असेन.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तिसरा मी म्हटलाच नव्हता."

१० जुलै

टाके काढले. अर्धी जाडी लावली आहे. हाडं चिकटलेली होती, सोडवली. कान आतून विरघळणाऱ्या बोळ्यांनी भरलाय, त्यामुळे आता नुसतं घट्ट आहे. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. नंदूने फ्रिजवर यादी चिकटवली. चाचणी तीन महिन्यांनी. तोवर काही ठरवायचं नाही.

२७ जुलै, रविवार

अक्काला सांगितलं. जानकी स्वयंपाकघरात असते ती वेळ साधून, आमच्या मराठीत, सावकाश. तेलाने काही झालं नव्हतं गे. कान आधीच फुटत होता. तेल तू का घातलंस, आठव. माझा कान दुखत होता म्हणून.

तिचं ऐकणं अजून चांगलं आहे. मग वारा सुरू झाला. इतका लांब वारा कधी नव्हता. मी फोन बदलून धरला, यंत्र काढलं, घातलं. दोनदा 'गे' कळला. बाकी नाही. शेवटी जानकी आली.

"चित्ती, अत्तै रडतायत का हसतायत कळत नाही. काय सांगितलंत?"

"जुनं काहीतरी."

"जेवलात का विचारतायत."

हे जानकीने स्वतःच घातलं असणार.

१५ ऑगस्ट

सुट्टीमुळे तंजावरला गर्दी, घरी सगळे. फोनवर अक्काचा आवाजी निरोप आला, तीन मिनिटं चाळीस सेकंद. खाली जानकीने तमिळमध्ये लिहिलंय: "अत्तैंनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि स्वतः रेकॉर्ड केलं. बटण कसं दाबायचं ते चार दिवस शिकत होत्या."

अक्का. जी दूरदर्शनच्या बटणालाही हात लावत नव्हती.

नंदू म्हणाली, "मला ऐकू दे, मी लिहून देते. मावशीचं मला सगळं कळतं." खरं आहे, कळतं तिला. नको म्हटलं. तोंड वळवून गेली.

१६ ऑगस्ट

नंदूला पुन्हा समजावलं. ऐकत नव्हती. "तू स्वतः तरी ऐक. उजव्या कानाने थोडं, डाव्याने थोडं, जुळव."

तेच तर नको आहे. मी जुळवीन. मला जुळवता फार छान येतं. दोन 'गे' नि एक श्वास मिळाला तर मधलं सगळं मी अक्काच्या तोंडात घालीन, अगदी तिच्यासारखं, आणि मग मरेपर्यंत तेच खरं धरीन. सोनेरी कडांचं चित्र मिळेल पुन्हा.

आधी चाचणी. भिंतीकडे तोंड करून. या कानावर किती विश्वास ठेवायचा ते कागदावर येऊ दे, मग निरोप.

७ सप्टेंबर

डॉक्टरबाईंनी आत पाहिलं. पडदा जागेवर आहे, कोरडा आहे, रंग चांगला. "ऐकू येतंय का?" म्हणाल्या. म्हटलं, ठरवलं नाही. या वेळी त्या हसल्या.

घरी: कुकरची शिट्टी डावीकडूनही येते असं वाटलं. लिफ्टचं दार. शेअर ऑटोवाला "वेळचेरी, वेळचेरी" ओरडतो ते. हे सगळं मला आधीच माहीत असलेलं, त्यामुळे यात कान किती नि आठवण किती, सांगता येत नाही.

२१ सप्टेंबर

अक्का हल्ली बरीच झोपून असते. पाचचा फोन जानकीच करते, "अत्तै झोपल्यात चित्ती." आज विचारलं, काही विचारत होती का? "रोज एकच. निरोप ऐकला का."

म्हटलं, सांग, अजून नाही. पंधरा दिवस.

जानकी म्हणाली, "चित्ती, लौकर ऐका."

नंदू समोरच होती. पोळ्या लाटायला बसली, तिला येत नाहीत तरी.

५ ऑक्टोबर, रविवार

उद्या सकाळी दहाला चाचणी. शर्मिळाला फोन करून सांगितलं, खुर्ची आधीच भिंतीकडे करून ठेव. म्हणाली, "अम्मा, दोन गजरे घालून येते."

तंजावरचं उद्याचंच तिकीट काढलंय, दुपारचं. निकाल काहीही येवो, जायचं आहेच. निरोप गाडीत ऐकीन, कानात ऐकण्याजोगं असेल तर. अक्कासमोर जाण्याआधी ऐकलेला हवा.

नंदू, हे तुझ्यासाठी. वही टेबलावर ठेवते आहे, वाचलीस तरी चालेल.

चार्ट दोन्ही डॉक्टरबाईंना दे. खोटासुद्धा. फाईलमधून काढू नका म्हणावं, शिकणाऱ्या मुलींना दाखवू देत.

सोनेरी कडांचं चित्र शर्मिळाला. मागचं अक्षर तिला वाचून दाखव आणि कशाबद्दल मिळालं ते सांग. ती हसेल. हसू दे.

अक्काचं अप्पळम लाटायचं लाटणं माझ्या पेटीत तळाशी आहे, लग्नात तिने दिलेलं. ते बरोबर नेते आहे. ते जानकीचं. उजेडाकडे धरून बघायचं हे मी तिला तोंडीच सांगीन.

निरोप. मला ऐकू आला तर कोणालाच द्यायचा नाही, तो माझा. नाही आला तर तुझा, तुझ्या फोनवर पाठवीन. एकटीने ऐक, दार लावून, मग लिहून काढ. तमिळमध्ये नको, बाबांच्या मराठीतही नको. मावशी बोलली तसंच, 'गे' असेल तिथे 'गे'. जे कळणार नाही तिथे जागा मोकळी सोड, भरू नकोस. तंजावरला ये, कागद माझ्या हातात दे.

आणि मी वाचत असेन तेव्हा माझ्या उजवीकडे बस.